हजाराच्या आतली गाणी

२०२४ पासून स्पॉटिफायवर एक नियम लागू आहे. एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणापोटी कुणालाच पैसे मिळत नाहीत. गाणं काढून टाकलं जात नाही. शोधलं की ते सापडतं, कुणाच्या तरी यादीत असतं, त्याच्या आधी किंवा नंतर जाहिरात वाजते, ते ऐकणारा आपली वर्गणी चालू ठेवतो. फक्त त्याच्या वाट्याची रक्कम हजाराच्या पुढे गेलेल्या गाण्यांमध्ये वाटली जाते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हा नियम जाहीर करताना कंपनीने हिशेब मांडला होता. अशा गाण्यांच्या वाट्याला एकूण रकमेतला अर्धा टक्काच येतो, एका गाण्याला महिन्याला सरासरी तीन सेंट. कलाकाराची गाणी सेवेवर चढवणाऱ्या वितरक कंपन्या ठरावीक रक्कम साठल्याशिवाय पैसे काढू देत नाहीत, त्यामुळे हे तीन-तीन सेंट कलाकाराच्या खात्यापर्यंत पोचतच नाहीत. मग ते ज्यांना खरंच उपयोग आहे त्यांना द्यावेत. हिशेबात चूक नाही. पण हाच हिशेब कलाकाराच्या बाजूने मांडून पाहा. एखाद्या गायिकेने दहा गाण्यांचा संग्रह काढला आणि प्रत्येक गाणं वर्षभरात ९०० वेळा ऐकलं गेलं. नऊ हजार वेळा लोकांनी तिचा आवाज ऐकला, आणि मोबदला शून्य. कंपनीच्याच म्हणण्यानुसार या नियमामुळे वर्षाला कोट्यवधी डॉलर इकडून तिकडे वळतात. एकेका गाण्याचे तीन सेंट क्षुल्लक, आणि सगळे मिळून कोट्यवधी डॉलर: ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, म्हणून हा मुद्दा सहज सोडून देता येत नाही.

किती गाणी यात येतात? संगीताची आकडेवारी ठेवणाऱ्या ल्युमिनेट या संस्थेने २०२३ मध्ये सगळ्या सेवा मिळून सुमारे १८ कोटी ४० लाख ध्वनिमुद्रणं मोजली. त्यांतली १५ कोटी ८० लाखांहून अधिक वर्षभरात हजार वेळा किंवा त्याहून कमी ऐकली गेली होती. साडेचार कोटी तर एकदाही नाही. यात निरुपयोगी भरणा पुष्कळ आहे: पावसाचे आवाज, तीस-तीस सेकंदांचे तुकडे, एकाच धूनच्या शंभर प्रती. पण पहिलंवहिलं गाणं घेऊन आलेला परभणीचा मुलगा, कोकणीत लिहिणारा मडगावचा गट, बोलीभाषेत गाणारी बाई, हेही याच ढिगात आहेत, आणि नियमाला दोघांतला फरक कळत नाही. लेबलं आणि वितरक यांच्याशी चर्चा करून नियम केला, असं कंपनी सांगते. ज्यांची गाणी हजाराच्या आत आहेत त्यांच्या वतीने बोलणारं कुणी असावं, अशी सोयच या व्यवस्थेत नाही.

स्ट्रीमिंगच्या मोबदल्यावर गेली दहा-बारा वर्षं जगभर वाद चालू आहे. तो बहुतेक वेळा ‘एका स्ट्रीमला किती पैसे’ या एका आकड्याभोवती फिरतो. मला वाटतं, तिथेच तो अडकतो. दर किती, यापेक्षा दर ज्या बैठकीत ठरतो तिथे स्वतंत्र कलाकाराला खुर्ची आहे का, हे पाहिलं तर बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

मुळात ‘एका स्ट्रीमचा दर’ असा काही ठरलेला नसतो. वर्गणी आणि जाहिरातींतून एखाद्या देशात महिनाभरात जमलेले पैसे एकत्र केले जातात. त्यातले साधारण ७० टक्के हक्कधारकांसाठी बाजूला काढले जातात आणि त्या देशात त्या महिन्यात ज्याची गाणी जितकी ऐकली गेली त्या प्रमाणात वाटले जातात. खळ्यावर सगळ्यांचं धान्य एका राशीत ओतायचं आणि मग गाडीच्या आकाराप्रमाणे भरून न्यायचं, असा हा प्रकार आहे. म्हणजे तुम्ही महिनाभर फक्त एका भजनी गायकाचं गाणं ऐकलंत, तरी तुमची वर्गणी त्याच्याकडे जात नाही. ती राशीत पडते, आणि राशीतला मोठा भाग त्या महिन्यात गाजणाऱ्या चित्रपटाच्या गाण्यांकडे जातो, जी तुम्ही कदाचित एकदाही ऐकलेली नसतात. वर्षाच्या शेवटी कुणीतरी एकूण रकमेला एकूण स्ट्रीमने भागतं, तेव्हा सेंटच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचा तो प्रसिद्ध आकडा निघतो. तो भागाकाराचं उत्तर आहे, करारातला दर नव्हे. ॲपलने २०२१ मध्ये कलाकारांना पत्र लिहून आपण सरासरी एक सेंट देतो असं सांगितलं. त्यामागचं मोठं कारण म्हणजे ॲपल म्युझिकची फुकट आवृत्तीच नाही.

देशागणिक हिशेब वेगळा होतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा इथली महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती आणि अमेरिकेत ९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सातशे रुपयांच्या आसपास. इथे वर्गणी न भरता जाहिरातींसकट ऐकणारेच बहुसंख्य, आणि त्यांच्यामागे येणारी रक्कम आणखी तुटपुंजी. त्यामुळे तेच मराठी गाणं नांदेडमध्ये ऐकलं गेलं आणि न्यू जर्सीत ऐकलं गेलं, तर दोन ठिकाणच्या मोबदल्यात कित्येक पटींचा फरक पडतो. महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवात, लंडन-सिडनीच्या घरांत वाजणारं गाणं मराठी कलाकाराला गावातल्या हजारो श्रोत्यांइतकं देऊन जाऊ शकतं. गावातल्या श्रोत्याचं प्रेम कमी नसतं. त्याच्या देशातली रास लहान असते आणि तिच्यापुढे हात पसरणारे जास्त असतात, इतकंच.

या राशीतही दोन वाटे आहेत. एक ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ज्याच्या मालकीची ती रेकॉर्ड आहे त्याचा. दुसरा रचनेचा, म्हणजे शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा. ढोबळमानाने पाचांतले चार हिस्से पहिल्या वाट्यात जातात आणि एक दुसऱ्या. जुन्या व्यवस्थेत या दोन वाट्यांवर वेगवेगळी माणसं उभी असत. आजचा स्वतंत्र कलाकार स्वतःच लिहितो, चाल लावतो, गातो, घरच्या संगणकावर मुद्रण करतो, म्हणजे दोन्ही वाटे त्याचेच. पण वितरक कंपनीमार्फत त्याच्याकडे सहसा पहिलाच वाटा येतो. दुसरा मिळवायला वेगळं दार ठोठावावं लागतं, आणि ते दार आहे हे अनेकांना ठाऊकच नसतं. त्याकडे शेवटी येऊ.

बैठकीतल्या खुर्च्यांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. २००८ मध्ये स्वीडनमधून स्पॉटिफाय सुरू झालं तेव्हा चोरून गाणी उतरवून घेण्याने रेकॉर्ड कंपन्यांचं कंबरडं मोडलं होतं. आपला संग्रह देण्याच्या बदल्यात मोठ्या कंपन्यांनी या नव्या कंपनीतले समभाग घेतले, आगाऊ रकमा घेतल्या. सोनीने २०११ मध्ये केलेला करार २०१५ मध्ये फुटला, तेव्हा जगाला कळलं की तीन वर्षांसाठी चार कोटी पंचवीस लाख डॉलरपर्यंतची आगाऊ रक्कम त्यात होती, आणि दुसऱ्या कुणाला जास्त मिळालं तर आपल्यालाही तेवढंच मिळावं असं कलमही होतं. स्वतंत्र लेबलांनी स्पॉटिफाय सुरू होण्याच्या सुमारास मर्लिन नावाची आपली एकत्रित संस्था उभारली आणि तिलाही समभाग मिळाले. २०१८ मध्ये स्पॉटिफाय शेअर बाजारात उतरल्यावर मर्लिनने ते विकून पैसे सदस्यांत वाटले. वॉर्नरनेही आपले समभाग विकले आणि सोनीने आपल्यातले काही. एकत्र आलं की खुर्ची मिळते, हे मर्लिनने दाखवून दिलं. पण ती लेबलांची संस्था आहे. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर किंवा सीडी बेबीसारख्या वितरकाला वर्षाचे काही पैसे किंवा टक्केवारी देऊन एकट्याने गाणं चढवणारा माणूस अशा वाटाघाटीत थेट कुठेच नसतो. वितरकाच्या संकेतस्थळावर ‘मान्य आहे’ या चौकटीत खूण केली की त्याची वाटाघाट संपली. काही वितरकांकडे वार्षिक शुल्क भरणं थांबलं की गाणीही खाली उतरतात.

स्ट्रीमिंगने स्वतंत्र कलाकाराला काहीच दिलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्टुडिओचं भाडं, कॅसेटचा खर्च, दुकानदाराची मनधरणी यांतून त्याची सुटका झाली. कुणाच्याही दाराशी न जाता गाणं जगभर पोचतं. स्पॉटिफायने २०२४ मध्ये हक्कधारकांना १,००० कोटी डॉलर दिल्याचं सांगितलं, त्यातले सुमारे निम्मे स्वतंत्र बाजूला गेले. पण ‘स्वतंत्र’ या शब्दाखाली मोठमोठी लेबलंही येतात. २०२३ मध्ये त्या सेवेवर ६६,००० कलाकारांच्या गाण्यांनी वर्षाला किमान १०,००० डॉलर मिळवले. ही रक्कम हक्कधारकांना दिलेली आहे. वितरक, लेबल, सहगायक, मुद्रक यांचे वाटे गेल्यावर गायकाच्या हातात काय उरलं, हे त्यातून कळत नाही. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये काढलेला हिशेब जास्त बोलका आहे. महिन्याला दहा लाख स्ट्रीम मिळवणाऱ्या कलाकाराची वर्षाची कमाई अंदाजे १२,००० पौंड. तिथल्या किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्याला याहून जास्त मिळतं. त्याच अहवालानुसार ६० टक्क्यांहून अधिक स्ट्रीम वरच्या ०.४ टक्के कलाकारांच्या गाण्यांना मिळत होते.

पैशाइतकीच वागणुकीची तक्रार आहे, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. २०२० मध्ये स्पॉटिफायने ‘डिस्कव्हरी मोड’ आणला. कलाकाराने काही गाण्यांवर खूण करायची. मग रेडिओ आणि आपोआप सुरू होणाऱ्या यादीत ती गाणी पुढे येण्याची शक्यता वाढते. आधी काही भरायचं नाही, पण तिथे मिळालेल्या स्ट्रीमवरच्या मोबदल्यातून ३० टक्के कापले जातात. ऐकणाऱ्याला त्या गाण्यापाशी तशी काही खूण दिसत नाही. एकाने केलं की दुसऱ्याला करावंच लागतं, आणि सगळ्यांनी केलं की कुणालाच फायदा उरत नाही. सगळ्यांचा मोबदला मात्र कमी होतो. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी २०२१ मध्ये कंपनीला पत्र लिहून नेमकी हीच भीती व्यक्त केली होती. ज्याच्यामागे मोठी कंपनी आहे त्याच्याकडे जाहिरातीचे दुसरे मार्ग असतात. एकट्याला आपल्याच मोबदल्यातून ती जाहिरात विकत घ्यावी लागते.

‘झोपेसाठी’, ‘अभ्यासासाठी’, ‘निवांत पियानो’ अशा याद्यांमधला प्रकार याच्या पुढचा. ‘डागेन्स न्यूहेटर’ या स्वीडिश दैनिकाने २०२४ मध्ये शोधून काढलं की योहान रोर नावाचा एक संगीतकार साडेसहाशेहून अधिक वेगवेगळ्या नावांनी तिथे आहे आणि त्याची गाणी एकूण १,५०० कोटी वेळा ऐकली गेली आहेत. अमेरिकी पत्रकार लिझ पेली यांनी २०२५ मध्ये आलेल्या ‘मूड मशीन’ या पुस्तकात यामागची पद्धत मांडली. ठरावीक निर्मिती कंपन्यांकडून स्वस्तात करून घेतलेलं संगीत या याद्यांत भरलं जातं, त्यामुळे त्या जागी येऊ शकणारे खरे वाद्यसंगीतकार बाहेर राहतात. आपल्याकडे बासरी, संतूर, सतार वाजवणाऱ्या तरुण कलाकारांना ध्यान आणि योगाच्या याद्या हा मोठा आधार ठरू शकतो. तिथे त्यांची स्पर्धा कुणाशी आहे हे त्यांना दिसतच नसेल, तर ते लढणार कशाशी?

यात आता यंत्राने तयार केलेल्या संगीताचा लोंढा आला आहे. डीझर या फ्रेंच सेवेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की रोज येणाऱ्या गाण्यांपैकी दहा टक्के पूर्णपणे यंत्रनिर्मित आहेत. त्याच वर्षाच्या सप्टेंबरपर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेलं. रास तीच आणि वाटेकरी दर महिन्याला वाढताहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मायकेल स्मिथ नावाच्या माणसावर खटला भरला गेला. यंत्राकडून लाखो गाणी करून घेऊन ती बनावट खात्यांकडून ऐकवायची आणि त्यातून एक कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी मिळवायची, असा आरोप. हे पैसे सगळ्यांच्या सामाईक राशीतून, म्हणजे इतर कलाकारांच्या वाट्यातून जातात. बनावट स्ट्रीमविरुद्ध कंपन्यांनी कडक व्हावं हे बरोबरच आहे. पण दंड वितरकाला होतो आणि वितरक तो कलाकारावर ढकलतो. ‘तुमचं गाणं यादीत घालतो’ म्हणणाऱ्या एखाद्या दलालाने बनावट खाती लावली, किंवा कलाकाराला न विचारता त्याचं गाणं अशा यादीत घातलं गेलं, की गाणं उतरतं आणि साठलेले पैसेही अडकतात. खुलासा कुणाकडे करायचा, तर समोर एक अर्ज आणि आपोआप येणारं उत्तर. मोठ्या लेबलकडे फोन उचलणारा माणूस असतो.

यावर उपाय म्हणून ज्याची सर्वांत जास्त चर्चा होते ती श्रोत्याप्रमाणे वाटणी. माझी वर्गणी मी ऐकलेल्या गाण्यांतच वाटली जावी, इतकी साधी कल्पना. साउंडक्लाउडने मार्च २०२१ मध्ये ती स्वतंत्र कलाकारांसाठी जाहीर केली आणि एप्रिलपासून सुरू केली. मला ती न्यायाची वाटते. पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राच्या २०२१ च्या अभ्यासात दिसलं की अशा वाटणीने सर्वांत वरच्या कलाकारांचं उत्पन्न लक्षणीय घटतं, पण ते इतक्या जणांत विभागलं जातं की तळातल्या कलाकाराच्या हाती वर्षाला थोडेच युरो जास्त येतात. खरा फायदा मधल्या फळीला होतो, ज्यांचे श्रोते थोडे पण निष्ठावान असतात. अभंग, लोकसंगीत, नाट्यसंगीत, जॅझ ऐकणारे असेच असतात. डीझरने युनिव्हर्सल या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या साथीने २०२३ मध्ये वेगळाच मार्ग काढला: महिन्याला किमान ५०० श्रोत्यांकडून १,००० स्ट्रीम मिळवणाऱ्याला दुप्पट वजन. त्याला ‘कलाकारकेंद्री’ असं नाव दिलं गेलं. त्यात धंदेवाईक भरण्याला आळा बसतो खरा, पण उंबरठा चढू न शकणारा पुन्हा बाहेरच राहतो.

भारतातली गोष्ट जुनी आहे आणि ती रॉयल्टीच्या भांडणापासूनच सुरू होते. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी अशी भूमिका घेतली. मानधन मिळालं की गायकाचा हक्क संपला, असं मोहम्मद रफींचं म्हणणं होतं. या मतभेदातून काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. मग कॅसेटचं युग आलं. गावोगावच्या भीमगीतांना, भारुडांना, कोळीगीतांना, जत्रेतल्या देवीच्या गाण्यांना कॅसेटने बाजार मिळवून दिला. पण एकरकमी पैसे घेऊन हक्क कायमचे लिहून द्यायचे, हीच त्या बाजाराची रीत होती. ती पुढे सीडीत, कॉलर ट्यूनमध्ये आणि यूट्यूबमध्येही चालत आली. कॅसेटच्या काळातली मुंबईची मोठी कंपनी व्हीनस आज बिलीव्ह या फ्रेंच कंपनीकडे आहे, आणि जगभरचे लाखो स्वतंत्र कलाकार ज्यातून गाणी चढवतात ते ट्यूनकोअरही तिचंच. लेबल आणि वितरक एकाच घरात आल्यावर स्वतंत्र कलाकार नेमका कशापासून स्वतंत्र आहे, हा प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल.

कायद्याच्या बाबतीत मात्र भारत अनेक देशांच्या पुढे आहे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेली प्रताधिकार कायद्याची दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. तिच्यामुळे गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कराराने सोडून देता येत नाही. तो वारसाला किंवा प्रताधिकार संस्थेलाच देता येतो. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मिळाला. ब्रिटनमध्ये संसदीय समितीने २०२१ मध्ये ‘संपूर्ण फेरमांडणी’ची शिफारस करूनही कलाकाराला असा वेगळा कायदेशीर वाटा मिळाला नाही. २०२५ मध्ये तिथल्या लेबलांनी जुन्या करारांबाबत काही सवलती मान्य केल्या, पण ज्याच्यामागे लेबलच नाही त्याला त्यांचा काय उपयोग? उरुग्वेने २०२३ मध्ये कलाकारांना मोबदला मिळण्याची तरतूद कायद्यात आणली, तेव्हा स्पॉटिफायने देश सोडण्याची भाषा केली. सरकारने वाढीव भार सेवेवर पडणार नाही असं स्पष्ट केल्यावर ती थांबली. छोटा देश एकटा किती ताणू शकतो, हे त्यातून दिसलं. भारत छोटा नाही.

आपल्याकडे न्यायालयानेही एक महत्त्वाचा प्रश्न सोडवला. आकाशवाणी, दूरचित्रवाणीला परवानगीशिवाय, ठरवून दिलेल्या दराने गाणी वाजवू देणारं ३१-ड हे कलम आपल्यालाही लागू आहे, असा एअरटेलच्या विंक या स्ट्रीमिंग सेवेचा दावा होता. टिप्स या रेकॉर्ड कंपनीने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे कलम इंटरनेटवरच्या सेवांना लागू नाही, आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे सेवांना हक्कधारकांशी बसून बोलणी करावीच लागतात. निर्णय योग्यच, पण त्यातून मिळालेलं बळ ज्याच्याकडे मोठा संग्रह आहे त्याचंच वाढलं. वीस गाण्यांचा मालक कुणाशी बोलणी करणार?

बाजारही आक्रसतो आहे. गाना हे ॲप सप्टेंबर २०२२ मध्ये फक्त वर्गणीदारांपुरतं उरलं, बाइटडान्सचं रेसो जानेवारी २०२४ अखेर बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. वर्गणी भरणारे २०२४ मध्ये भारतात जेमतेम कोटीभर होते. फुकट ऐकणारे मुख्यतः यूट्यूबवर गेले, जिथे नियमित व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलच्या मालकाला मिळतात. मात्र गाणी ओळखणारी ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा थेट वापरण्याची मुभा मोजक्यांनाच आहे; एकट्या कलाकाराने वितरकामार्फत जायचं. पारंपरिक चालीवर आधारलेलं गाणं असेल तर आणखी अडचण. तीच चाल एखाद्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणात असली की यंत्रणा दावा ठोकू शकते, आणि ओवी, गोंधळ, जागर कुणाच्याच मालकीचे नाहीत हे सिद्ध करण्याचं काम गाणाऱ्यावर येतं. लोकपरंपरेतून गाणाऱ्यांवरचा हा अन्याय मला सर्वांत जास्त बोचतो.

तरीही याच वाटेने मराठी गाणं कुठल्या कुठे गेलं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये रील्सवरून देशभर पोचलं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलने काढलं. स्वदेसी या मुंबईच्या गटाने २०१९ मध्ये प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’मधून आरेच्या आदिवासींची बाजू मांडली. कुठल्या मोठ्या कंपनीच्या दालनात असं गाणं जन्माला आलं असतं, याची कल्पना करवत नाही. पण ही गाजलेली नावं वगळली तर बहुतेकांचं पोट अजून सुपारीवर, म्हणजे हळदी, जत्रा, गणपती-नवरात्रीच्या कार्यक्रमांवर चालतं. स्ट्रीमचा आकडा आयोजकाला दाखवून सुपारीचा भाव वाढवता येतो, एवढाच त्यांच्यासाठी स्ट्रीमिंगचा खरा पैसा. कार्यक्रम करू न शकणाऱ्या कवीला, चाल बांधणाऱ्याला, वय झालेल्या गायकाला तोही आधार नाही.

म्हणूनच तो दुसरा, रचनेचा वाटा महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेत या वाट्यासाठी केंद्रीय संस्था उभारली गेली, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये स्ट्रीमिंग सेवांनी तिच्याकडे साठून राहिलेले ४२ कोटी ४० लाख डॉलर सुपूर्द केले. गाणी वाजली होती, पैसे जमा झाले होते, पण कुणाचे ते कळत नव्हतं. अशा रकमेचा मालक सापडला नाही, तर ती शेवटी बाजारातल्या हिश्शाप्रमाणे वाटण्याची तरतूद आहे, म्हणजे पुन्हा मोठ्यांकडेच. भारतात हे काम आयपीआरएसकडे आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अनेक वादांनंतर २०१७ मध्ये पुन्हा अधिकृत प्रताधिकार संस्था म्हणून नोंदली गेली. गीतकार किंवा संगीतकार तिचा सदस्य झाला, आपली रचना तिथे नोंदवली, तरच ते पैसे त्याला शोधत येऊ शकतात.

इथे मराठी कलाकारांची एक खास अडचण आहे, आणि तिच्यावर उपाय करता येतो. गाणं चढवताना नावं रोमन लिपीत टाकली जातात. एकाच शाहिराचं आडनाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं, कुठे नुसतं टोपणनाव, कुठे गीतकाराच्या जागी निर्मात्याचं नाव, आणि ‘पारंपरिक’ असं लिहायची जागा तर रिकामीच. ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी क्रमांक आणि रचनेची नोंद एकमेकांशी जुळली नाही तर यंत्र त्या माणसाला ओळखत नाही. साहित्य संस्था, नाट्य परिषदेच्या शाखा, विद्यापीठांचे संगीत विभाग, गोव्यातली कला अकादमी यांनी ठरवलं तर जिल्ह्याजिल्ह्यांत एकेक दिवस बसून ही नावं नीट भरून घेता येतील: कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, कुणी ढोलकी वाजवली, कुठल्या गावची परंपरा. हजाराच्या नियमाने या नोंदींचा रस्ता बंद होत नाही, कारण तो नियम ध्वनिमुद्रणाच्या वाट्याचा आहे. आणि असे काही हजार नोंदलेले सदस्य एका बाजूला उभे राहिले, तर पुढच्या वेळी नियम बदलताना त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाणं कुठल्याही सेवेला सोपं राहणार नाही.